गिरणींतील मुलें आणि छायाचित्रकार

१९१० सालच्या ऑगस्ट महिन्यांत, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं व्हरमाँट या राज्यांतील नॉर्थ पाउनल नांवाच्या लहानशा गांवीं, एक पस्तीस वर्षांचा माजी शाळामास्तर कॅमेऱ्याचें ओझें घेऊन एका कापडगिरणींत शिरला. सूत कातणाऱ्या यंत्रापाशीं एक मुलगी उभी होती. तिचे पाय अनवाणी होते, अंगांतील झगा मळलेला होता आणि एक हात तिनें यंत्राच्या कडेवर टेकला होता. पाहुण्यानें तिचें वय विचारलें. गिरणींतील इतर मुली ती दहा वर्षांची असल्याचें सांगत होत्या. तिनें स्वतः बारा वर्षें कबूल केलीं. शाळेच्या सुटींत ती कामाला लागली होती आणि आतां तेथेंच राहणार होती. पाहुण्यानें तिचें चित्र घेतलें, दोनचार ओळींचें टिपण केलें आणि तो आपल्या वाटेनें निघून गेला. या गृहस्थाचें नांव लुइस हाइन. मुलीचें नांवहि त्यानें टिपून घेतलें होतें. परंतु तें येथें दिलेलें नाहीं. कां, तें पुढें येईलच.

चित्र अगदीं साधें आहे. त्यांत रक्त नाहीं, अश्रु नाहींत, कोणी कोणाला मारीत नाहीं. मुलगी समोर पाहत उभी आहे, एवढेंच. तरीहि अमेरिकेंतील बालमजुरीविरुद्धच्या लढ्याचें तें जणूं मुखचित्रच होऊन बसलें. त्या लढ्यांत कॅमेऱ्यानें काय साधलें, हें पुष्कळांनीं लिहिलें आहे. परंतु तें साधतांना छायाचित्रकारानें कोणाला फसविलें, कोणाशीं खरें बोलला, आणि ज्या मुलांच्या तोंडाकडे पाहून राष्ट्राचें मन हललें त्या मुलांच्या पदरांत काय पडलें, हा हिशेब क्वचितच मांडला जातो. तो मांडल्यावांचून या इतिहासाचें मर्म हातीं लागत नाहीं.

विसाव्या शतकाच्या आरंभीं संयुक्त संस्थानांची भरभराट जगाला दिपवीत होती. त्याच देशांत १९०० सालच्या शिरगणतींत दहा ते पंधरा वर्षें वयाचीं सुमारें साडेसतरा लाख मुलें मजुरी करतांना आढळलीं. म्हणजे त्या वयाच्या दर पांचसहा मुलांमागें एक. दहा वर्षांखालील मुलें तर या गणतींत आलींच नव्हतीं. दक्षिणेकडील कापडगिरण्यांत मुली यंत्रापुढें उभ्या राहून तुटलेले धागे सांधीत आणि मुलगे भरलेलीं बॉबिनें काढून रिकामीं बसवीत. ज्यांचा हात पोंचत नसे ते चालत्या यंत्राच्या चौकटीवर अनवाणी पायांनीं चढत. पेनसिल्व्हेनियांतील कोळशाच्या खाणींवर मुलें घसरणीवरून वाहत येणाऱ्या कोळशावर ओणवीं बसून त्यांतील दगड हातांनीं वेंचून काढीत. मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर चारपांच वर्षांचीं पोरें कालवें सोलीत. न्यूयॉर्कच्या कोंदट चाळींत रात्रीं उशिरापर्यंत अख्खीं कुटुंबें कृत्रिम फुलें बनवीत बसत.

हें सर्व कांहीं गुप्त नव्हतें. परंतु आंकड्यांना तोंड नसतें, आणि गिरणीमालकांना मात्र होतें. आमच्याकडे लहान मुलें नाहींतच, असें ते प्रथम सांगत. आहेत हें सिद्ध झालें, तर तीं दिसतात त्याहून मोठीं आहेत, असें म्हणत. तेंहि खोटें ठरलें, तर विधवा मातेला हातभार लावणाऱ्या मुलाचा घांस कां हिरावतां, असा उलट प्रश्न करीत. या तीन उत्तरांपुढें दयाळु लोकांचीं व्याख्यानें लटकीं पडत. हवा होता तो पुरावा, डोळ्यांना दिसणारा आणि उलटतपासणींत टिकणारा.

मुलांच्या हालांचें छायाचित्र काढून लोकांची दया जागृत करण्याची कल्पना हाइनची नव्हे. ती त्याच्यापूर्वीं लंडनमध्यें जन्मली होती, आणि जन्मतांच तिला एक खोड लागली होती. डॉक्टर टॉमस बर्नार्डो हा डब्लिनचा गृहस्थ. त्यानें १८७० सालीं लंडनच्या स्टेपनी भागांत निराश्रित मुलांसाठीं आश्रम काढला. थोड्याच वर्षांत त्यानें आश्रमाचा स्वतःचा छायाचित्रविभाग उघडला आणि मुलांच्या चित्रांच्या जोड्या छापून विकावयास आरंभ केला. जोडींतील एका चित्रांत फाटक्या चिंध्यांतील, विस्कटलेल्या केंसांचें, रस्त्यावर वणवणणारें मूल. दुसऱ्यांत तेंच मूल न्हाऊन माखून, नीटस कपड्यांत, कामधंदा शिकत असलेलें. चित्रें पाहून लोकांचे हात खिशांकडे जात.

पुढें एका धर्मोपदेशकानें बर्नार्डोवर जाहीर आरोप केले. त्यांतील एक असा कीं, चित्रें ओढूनताणून बनविलेलीं आहेत; मुलें आश्रमांत आलीं तेव्हां तीं अशा अवस्थेंत नव्हतींच. १८७७ सालीं हें प्रकरण लवादापुढें गेलें. बहुतेक आरोपांतून बर्नार्डो सुटला. पण चित्रांच्या बाबतींत लवादानें त्याला दोष दिला. एका मूर्तिमंत दारिद्र्याचें प्रातिनिधिक चित्र उभें करण्यासाठीं अमुक एका मुलाचे कपडे फाडणें ही कलेंतील कल्पना असेल, परंतु ती त्या मुलाविषयींची लबाडी होय, असा त्या निर्णयाचा इत्यर्थ होता. बर्नार्डोनें हजारों मुलांना अन्न दिलें, छप्पर दिलें, हें कोणीहि नाकारीत नाहीं. पण ज्या मुलाला त्यानें वांचविलें त्याच्याच तोंडावर त्यानें एक खोटी कथा चिकटविली, आणि ती विकली. सत्कार्यासाठीं केलेली अतिशयोक्ति उघडकीस आली कीं सत्कार्याचाच पाय मोडतो, हा धडा त्या लवादानें घालून दिला.

दुसरा मनुष्य जेकब रीस. हा डेन्मार्कमधून १८७० सालीं अमेरिकेंत आला, पोटासाठीं दारोदार हिंडला आणि शेवटीं न्यूयॉर्कमध्यें पोलिसखात्याच्या बातम्या देणारा वार्ताहर झाला. गरिबांच्या चाळी त्यानें रात्रींबेरात्रीं पाहिल्या होत्या. पण अंधारांत चित्र कसें काढावें, ही अडचण होती. १८८७ सालीं जर्मनींत मॅग्नेशियमच्या पुडीचा क्षणिक लखलखाट पाडण्याची युक्ति निघाल्याचें त्यानें वाचलें, आणि तीच हत्यार करून तो मध्यरात्रीं अशा खोल्यांत शिरूं लागला. दार ढकलावयाचें, पूड पेटवावयाची, कांच उजळावयाची आणि झोंपलेले लोक डोळे चोळीत उठेपर्यंत चालतें व्हावयाचें. एकदां तर अशाच एका खोलींत त्याच्या हातून आग लागली. त्या खोलींत आंधळीं माणसें राहत होतीं. ही गोष्ट रीसनें स्वतःच सांगून ठेविली आहे.

१८९० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथानें न्यूयॉर्क शहराला खडबडून जागें केलें, यांत शंका नाहीं. शिवणकामाच्या एका कोंदट कारखान्यांत त्यानें दोरे ओढीत बसलेल्या एका मुलाचें चित्र घेतलें. मुलापाशीं सोळा वर्षें वयाचें शपथेवर केलेलें प्रमाणपत्र होतें. रीसनें खोदून खोदून विचारल्यावर त्यानें बारा वर्षें कबूल केलीं, आणि रीसनें त्याचे दांत पाहून खात्री करून घेतली. हेतु चांगला, निष्कर्षहि खरा. पण बाजारांत जनावराचे दांत पाहतात तसे मुलाचे दांत पाहणें, त्याला ठाऊक नसतां त्याच्या अब्रूचा पडदा उचलणें, यांत कांहीं उणें आहे, असें रीसला वाटल्याचें दिसत नाहीं. गरीब माणूस हा त्याच्या दृष्टीनें साक्षीदार नव्हता. तो केवळ मुद्देमाल होता.

या पार्श्वभूमीवर हाइनकडे पाहिलें पाहिजे. १८७४ सालीं विस्कॉन्सिन राज्यांतील ऑशकॉश या गांवीं तो जन्मला. सतरा वर्षांचा असतांना वडील अपघातांत गेले, आणि त्याला स्वतःला कारखान्यांत दिवसभर राबून घर चालवावें लागलें. तेव्हां मुलांच्या मजुरीची ओळख त्याला पुस्तकांतून झालेली नव्हती. पुढें त्यानें शिक्षण मिळविलें आणि १९०१ सालीं तो न्यूयॉर्कच्या एथिकल कल्चर स्कूलमध्यें सृष्टिविज्ञान व भूगोल शिकविणारा शिक्षक म्हणून आला. तेथील मुख्याध्यापक फ्रँक मॅनी यांनीं शाळेच्या उपयोगासाठीं त्याच्या हातीं कॅमेरा दिला. परदेशांतून एलिस बेटावर उतरणाऱ्या निर्वासितांकडे आपल्या विद्यार्थ्यांनीं तुच्छतेनें पाहूं नये, म्हणून त्यानें त्या लोकांचीं चित्रें काढलीं. म्हणजे त्याच्या छायाचित्रणाचा आरंभच शाळेच्या वर्गांतून झाला. आणि वर्गांतील एक संवय त्यानें जन्मभर सोडली नाहीं. ती म्हणजे, विधान करावयाचें तर त्याची नोंद ठेवावयाची.

१९०४ सालीं न्यूयॉर्कमध्यें राष्ट्रीय बालश्रम समिति स्थापन झाली होती. १९०८ सालीं हाइननें शाळा सोडली आणि तो या समितीचा वेतन घेणारा अन्वेषक बनला. पुढील दहा वर्षें तो गिरण्या, खाणी, कांचकारखाने, मासळीच्या वखारी, शेतें आणि रस्ते पालथे घालीत देशभर हिंडला. कॅमेरा म्हणजे तेव्हां खिशांत मावणारी वस्तु नव्हती. पेटी, तिपाई, कांचेच्या पट्ट्या, मॅग्नेशियमची पूड, असा सर्व संसार पाठीवर वागवावा लागे. आणि दारावर मुकादम किंवा पहारेकरी उभा असे.

येथें पहिला नैतिक पेंच उभा राहतो. खरें कारण सांगितलें असतें, तर हाइनला एकाहि गिरणींत पाऊल टाकतां आलें नसतें. म्हणून तो कधीं आग-निरीक्षक बनला, कधीं बायबल विकणारा, कधीं चित्रकार्डांचा फिरता व्यापारी, तर कधीं यंत्रांचीं चित्रें घेणारा कारागीर. यंत्राचा आकार लक्षांत यावा म्हणून त्याच्या शेजारीं एक मूल उभें करतों, असें सांगून तो मुलाचें चित्र घेई. त्याच्या जाकिटाच्या गुंड्या जमिनीपासून किती उंचीवर आहेत हें त्यानें मोजून ठेविलें होतें. मूल जवळ आलें कीं कोणत्या गुंडीपर्यंत त्याचें डोकें येतें, हें पाहून तो उंची ओळखी, आणि खिशांत लपविलेल्या हातानेंच कागदावर टिपण करी.

साधनशुचितेच्या कडव्या उपासकाला हें रुचणार नाहीं. मुलांना सत्य शिकविणारा शिक्षक दारोदार वेषांतर करून खोटें बोलत हिंडतो, हें दृश्य विचित्र खरेंच. परंतु खोटें कोणाशीं बोललें गेलें, हें पाहावयास हवें. बर्नार्डोचें असत्य चित्र पाहणाऱ्याशीं होतें. हाइनचें असत्य दारावरच्या पहारेकऱ्याशीं होतें. ज्याच्या हातीं सत्ता होती आणि जो ती सत्य झांकण्यासाठीं वापरीत होता, त्याला हाइननें चकविलें. ज्याच्या विश्वासावर त्याचें कार्य उभें होतें, त्या प्रेक्षकाला त्यानें चकवूं दिलें नाहीं. १९०९ सालीं बफेलो येथें भरलेल्या परोपकारी संस्थांच्या परिषदेपुढें त्यानें या विषयावर भाषण केलें. छायाचित्र स्वतः खोटें बोलत नसेल, पण खोटें बोलणारा मनुष्य छायाचित्र काढूं शकतो, तेव्हां आपण फार जपून वागलें पाहिजे, अशा आशयाचा इशारा त्यानें त्यांत दिला होता.

तो जपला कसा, तें त्याच्या टिपणांवरून दिसतें. प्रत्येक चित्रामागें गांव, गिरणी, तारीख, मुलाचें नांव, सांगितलेलें वय, दिसणारें वय, उंची, मजुरी, कामाचे तास, असा शक्य तेवढा तपशील आहे. १९०८ सालच्या डिसेंबरांत नॉर्थ कॅरोलिनांतील व्हिटनेल येथील एका मुलीची नोंद पाहावी. उंची एकावन्न इंच; गिरणींत एक वर्ष झालें; कधीं कधीं रात्रपाळी; रोजची मजुरी अठ्ठेचाळीस सेंट. वय विचारल्यावर ती अडखळली आणि आठवत नाहीं म्हणाली. मग जवळ येऊन तिनें हळूच सांगितलें कीं, काम करण्याएवढें आपलें वय झालेलें नाहीं, तरी आपण करतोंच. पन्नास कामकऱ्यांत तिच्याएवढीं दहा मुलें होतीं, हेंहि हाइननें जोडून ठेविलें आहे. ही नोंद कोणत्याहि न्यायालयांत उभी राहील अशी आहे. पण तींत आणखी एक गोष्ट आहे. मुलीनें सांगितलेलें तिच्या शब्दांत ठेविलेलें आहे. रीसच्या मुलाचे दांत बोलले. हाइनची मुलगी स्वतः बोलली.

चित्रें घेण्याची त्याची रीतहि याला साजेशीच होती. कॅमेरा तो मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर खालीं आणी, आणि मुलाला सरळ समोर पाहूं देई. त्यामुळें त्या मुलांत भिकारी कोणीच दिसत नाहीं. कोणी थकलेलें, कोणी मिस्किल, कोणी तोंडांत विडी धरून मोठ्या माणसाचा आव आणणारें; पण प्रत्येक जण कोणी तरी आहे.

तथापि चित्र काढणाऱ्याच्या हातून चित्र एकदां सुटलें कीं तें कोठें जाईल, यावर त्याचा ताबा राहत नाहीं. हें दोन्हीं बाजूंनीं घडलें. टॉमस डॉली नांवाच्या गृहस्थानें १९१२ सालीं एक जाडजूड पुस्तक प्रसिद्ध केलें. तो पूर्वीं सरकारी चौकशीखात्यांत होता. डोंगराळ भागांतील उपाशी, रोगट शेतकरी मुलें आणि गिरणीच्या वस्तींतील धडधाकट मुलें यांचीं चित्रें त्यानें समोरासमोर ठेविलीं, आणि गिरणी हीच मुलांची तारणहार आहे असा सिद्धांत मांडला. म्हणजे कॅमेरा वकिलासारखा दोन्हीं पक्षांकडून उभा राहूं शकतो. डोंगरांतील दारिद्र्य खोटें नव्हतें. पण त्यावरून रात्रपाळीचें समर्थन होत नव्हतें. चित्रानें काय सिद्ध होतें आणि काय होत नाहीं, हें चित्र सांगत नाहीं. तें त्याखालच्या ओळींनीं आणि पाहणाऱ्याच्या विवेकानें ठरवावयाचें असतें.

दुसरी बाजू अधिक बोंचणारी आहे, कारण ती खुद्द समितीची आहे. हाइनच्या चित्रांवरून समितीनें प्रदर्शनासाठीं मोठमोठे फलक तयार केले. त्यांतील एका फलकावर एकीकडे हसतीं निरोगी मुलें, मध्यें कारखाना आणि शेवटीं कामानें खंगलेलीं मुलें दाखवून, कारखाने हा माणसांचा भंगार माल बनवीत आहेत, असें मोठ्या अक्षरांत लिहिलेलें होतें. रस्त्यानें जाणाऱ्याला थांबविणारा फलक होता तो. पण ज्या मुलाचें तोंड त्यावर छापलें होतें, त्यानें तो वाचला असता तर? स्वतःचें नांव सांगून, समोर पाहून ज्यानें चित्र काढूं दिलें, त्याला त्याच्याच कैवाऱ्यांनीं भंगार म्हटलें. याच सुमारास अनेक मुलांचीं चित्रें एकमेकांवर छापून एक मिश्र चेहरा बनविण्याचेहि प्रयोग हाइननें केले. त्या धूसर चेहऱ्यांत बालमजूर दिसतो, पण कोणतेंच मूल दिसत नाहीं. ज्या नोंदींनीं मुलाला नांव दिलें होतें त्यांचाच येथें विसर पडला.

आणि कांहीं मुलें या चित्रांत फारशीं आलींच नाहींत. दक्षिणेकडील कापडगिरण्यांत यंत्रावरचें काम बहुतांशीं गोऱ्या कुटुंबांनाच मिळे. कृष्णवर्णीयांचीं मुलें कपाशीच्या शेतांत राबत. समितीचा सर्व रोख गिरण्यांवर असल्यामुळें देशाच्या दयेलाहि नकळत वर्णाची कुंपणें पडलीं. कॅमेरा दाखवितो, तसाच तो वगळतोहि. आणि जें वगळलें जातें त्याची तक्रार करावयास कोणी उरत नाहीं.

फळ काय मिळालें? १९१२ सालीं मुलांच्या हिताकडे पाहणारें मध्यवर्ती सरकारी खातें निघालें. १९१६ सालीं कायदा झाला, आणि चौदा वर्षांखालील मुलांनीं कारखान्यांत बनविलेला माल एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत पाठविण्यास बंदी झाली. पण नॉर्थ कॅरोलिनांतील शार्लट येथील एका बापानें, या कायद्यानें आपल्या दोन मुलांच्या मजुरीला आपण मुकतों, अशी फिर्याद केली. १९१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं कायदा रद्द ठरविला. त्या दोन मुलांपैकीं एकाला पुढें कांहीं वर्षांनीं एका वार्ताहरानें गांठलें. खटला जिंकून आपल्याला काय मिळालें, तर शिक्षणाला मुकलों, असा त्याच्या उत्तराचा सूर होता. कर बसवून मुलांची मजुरी रोखण्याचा दुसरा कायदा १९२२ सालीं असाच कोसळला. १९२४ सालीं काँग्रेसनें घटनादुरुस्ति सुचविली; तिला पुरेशा राज्यांची संमति कधींच मिळाली नाहीं. शेवटीं १९३८ सालच्या श्रमविषयक कायद्यानें कारखान्यांतील बालमजुरीला देशभर आळा घातला, आणि १९४१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो उचलून धरला. शेतांतील मुलांना मात्र त्यांतहि पुरतें संरक्षण मिळालें नाहीं.

हें सर्व चित्रांनीं केलें, असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. नवीं यंत्रें आलीं आणि लहान हातांची गरज घटली. १९१८ पर्यंत सर्व राज्यांत सक्तीच्या शिक्षणाचे कायदे झाले. १९२९ नंतरच्या मंदींत मोठ्या माणसांनाच काम मिळेना, तेव्हां मुलांना कामावरून काढणें लोकांना आपोआप पटलें. पण समितीचा कार्यवाह ओवेन लव्हजॉय यानें, लोकांपुढें या दुःखाची खरी जाणीव आणून ठेवण्याचें श्रेय इतर सर्व प्रयत्नांपेक्षां हाइनच्या कार्याला अधिक आहे, अशा अर्थाची ग्वाही दिली आहे. त्यांत अतिशयोक्ति नसावी. मुलें नाहींतच, हें गिरणीवाल्यांचें पहिलें उत्तर चित्रांनीं कायमचें बंद केलें. आणि पहिलें उत्तर बंद झालें म्हणजे पुढचा वाद सुरू होऊं शकतो.

हाइनला स्वतःला त्याचें फळ लाभलें नाहीं. १९३० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्यें उभ्या राहत असलेल्या एम्पायर स्टेट इमारतीच्या लोखंडी तुळयांवर काम करणाऱ्या मजुरांचीं त्यानें काढलेलीं चित्रें आज प्रसिद्ध आहेत. पण त्यानंतर त्याला कामच मिळेनासें झालें. राहतें घर गेलें, आणि १९४० सालच्या नोव्हेंबरांत तो दारिद्र्यांत वारला. त्याचीं पांच हजारांहून अधिक चित्रें समितीकडून १९५४ सालीं वॉशिंग्टन येथील काँग्रेसच्या ग्रंथालयाकडे आलीं, आणि तेथें तीं सर्वांस पाहावयास खुलीं आहेत.

आतां त्या नॉर्थ पाउनलच्या मुलीकडे वळावयास हवें. हाइनच्या टिपणांतील तिचें आडनांव पुढें नोंदींत चुकीचें उतरलें होतें. त्या चुकीच्या नांवानें तिचें चित्र ग्रंथांत छापलें गेलें, जाहिरातींत वापरलें गेलें, आणि १९९८ सालीं अमेरिकेच्या टपालखात्यानें त्या चित्राचें तिकीट काढलें. ती कोण, पुढें तिचें काय झालें, हें कोणाला ठाऊक नव्हतें. एलिझाबेथ विंथ्रॉप या लेखिकेनें या चित्रावरून सुचलेली कादंबरी लिहितांना तिचा शोध आरंभिला, आणि जो मॅनिंग या संशोधकाच्या साह्यानें २००५ च्या सुमारास तो पुरा झाला. त्यांना जुन्या शिरगणत्यांतून खरें आडनांव सांपडलें, मग वंशज सांपडले, आणि शेवटीं तिची कबर. ती नव्वदी ओलांडून १९९३ सालीं वारली होती. तिकीट निघण्यापूर्वीं पांच वर्षें. आपलें तोंड एका राष्ट्राच्या इतिहासाचें चिन्ह झालें आहे, हें तिला जन्मभर कळलेंच नाहीं. तिला कोणी कळविलें नाहीं, कारण तिची गरज कोणाला नव्हती. गरज होती ती तिच्या बाराव्या वर्षाची.

पुढें मॅनिंगनें हाइनच्या चित्रांतील शेंकडों मुलांचा असाच मागोवा घेतला आणि त्यांच्या नातवंडांच्या हातीं तीं चित्रें नेऊन दिलीं. हें शक्य झालें तें केवळ हाइनच्या टिपणांमुळें. नांव, गांव, वय हीं लिहिलेलीं नसतीं, तर तीं मुलें मिश्र चेहऱ्यासारखीं धुक्यांत विरून गेलीं असतीं. पण याच ठिकाणीं आजच्या विचाराचा हाइनशीं झगडा आहे. भारतांत २०१५ सालच्या बालन्याय अधिनियमाच्या ७४ व्या कलमान्वयें, बेकायदा मजुरींत सांपडलेल्या मुलाचें नांव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र वर्तमानपत्रांत अथवा मासिकांत प्रसिद्ध करणें हा गुन्हा आहे. मुलाच्या हितासाठीं अधिकारी मंडळानें परवानगी दिली, तरच तें करतां येतें. हाइनची प्रत्येक नोंद या कलमाखालीं दोषी ठरेल. ज्या तपशिलानें त्याचा पुरावा अभेद्य केला तोच तपशील मुलाला उघडें पाडतो. एका पोराची मजुरी जाऊन घरची चूल विझेल, मुकादम त्याच्यावर डूख धरील, मोठेपणीं त्याला तें चित्र लाजवील. हीं भयें कायदा ओळखतो, हाइनच्या काळीं तीं कोणी फारशीं ओळखलीं नव्हतीं. आणि मुलानें होकार दिला होता काय, या प्रश्नाला तर उत्तरच नाहीं. आग-निरीक्षकाला नांव सांगणारें मूल जगाला नांव सांगत नसतें.

म्हणून कोणी म्हणेल, चेहरा झांकावा, नांव गाळावें. तें योग्यच आहे. पण झांकलेल्या चेहऱ्याबरोबर जबाबदारीहि झांकली जाण्याचा धोका असतो. ज्याला नांव नाहीं त्याच्यावर कोणतीहि कथा चिकटवितां येते, जशी बर्नार्डोनें चिकटविली. तेव्हां नांव जगाला न सांगतां तें लिहून मात्र ठेविलें पाहिजे, सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे राखले पाहिजेत, आणि चित्राचा उपयोग संपल्यावर मुलाकडे परत गेलें पाहिजे. हाइननें यांपैकीं पहिलीं दोन पथ्यें बव्हंशीं पाळलीं. तिसरें त्यानें पाळलें नाहीं. तें शंभर वर्षांनीं दुसऱ्याच कोणी पाळलें.

आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना व युनिसेफ यांच्या अंदाजाप्रमाणें २०२४ सालीं जगांत सुमारें १३ कोटी ८० लाख मुलें मजुरींत होतीं, आणि त्यांतील जवळजवळ साडेपांच कोटी धोक्याच्या कामांत. त्यांचीं चित्रें आजहि काढलीं जातात, घरोघरीं पोंचतात, पाहणाऱ्याचा घसा क्षणभर दाटून येतो आणि पान उलटलें जातें. नॉर्थ पाउनलच्या गिरणींत यंत्राला टेकून उभी असलेली ती मुलगी मात्र अजून समोर पाहत आहे. तिनें विचारलेल्या प्रश्नाला वय कबूल केलें होतें. तिच्या बाजूनें एकच प्रश्न विचारावयाचा राहिला आहे: माझें चित्र घेतलेंत, मग परत केव्हां येणार?